अपघात झाला म्हणजे गुन्हा झाला का? मोटारसायकलस्वारावर लागणारी कलमे समजून घेताना

‘आरोपीने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवली...’ महाराष्ट्रात अपघाताच्या फिर्यादीत हे वाक्य थोड्याफार फरकाने हमखास आढळते. ज्याच्या नावापुढे ते लिहिले जाते, तो माणूस बहुधा त्या वेळी रुग्णालयाच्या खाटेवर असतो. त्याचे कोपर सोलवटलेले असते, गुडघ्यावर पट्टी असते, आणि आपण जखमी आहोत की आरोपी हे त्याला कळेनासे होते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. संध्याकाळची वेळ आहे, पती मोटारसायकल चालवत आहे, पत्नी मागे बसली आहे. रस्त्याच्या कामाची बारीक खडी एका वळणावर पसरली आहे. पुढचे चाक खडीवर सरकते, गाडी आडवी होते आणि पत्नीच्या मनगटाचे हाड मोडते. दुसरे वाहन नाही, कोणाशी भांडण नाही, कोणाची तक्रारही नाही. तरी रुग्णालयातून पोलीस ठाण्याला माहिती जाते, नोंद होते आणि पुढे पतीवर गुन्हा दाखल होऊ शकतो. असे का होते, त्याचा अर्थ काय आणि त्यातून पुढे काय निघते, हे या लेखात क्रमाने पाहू.

कलमे कोणती आणि ती कशी चढत जातात

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. अपघातांच्या बाबतीत लोकांच्या तोंडी असलेली २७९, ३३७, ३३८ आणि ३०४-अ ही कलमे त्यानंतर घडलेल्या घटनांना लागत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर माणसाचा जीव धोक्यात येईल अशा अविचाराने किंवा हयगयीने वाहन चालवणे हा आता कलम २८१ चा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कोणाला लागले नाही तरी हे कलम लागू शकते, कारण त्याचा रोख चालवण्याच्या पद्धतीवर आहे.

कोणाला इजा झाली की कलम १२५ जोडले जाते. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. येथे ‘गंभीर’ हा शब्द बोलीभाषेतला नाही, कायद्याने त्याची व्याख्या ठरवून दिली आहे. हाड मोडणे किंवा निखळणे, दात पडणे, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे अथवा नेहमीचे व्यवहार करता न येणे, हे सगळे गंभीर दुखापतीत मोडते. म्हणून क्ष-किरण तपासणीत मनगटाच्या हाडाला बारीकशी चीर दिसली, तरी प्रकरण सहा महिन्यांच्या शिक्षेच्या टप्प्यावरून तीन वर्षांच्या टप्प्यावर जाते. डॉक्टरांच्या इजा प्रमाणपत्रातील एका शब्दावर एवढे अवलंबून असते.

मृत्यू झाल्यास कलम १०६ चे पहिले पोटकलम लागते. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, जुन्या कायद्यात ही कमाल कैद दोन वर्षांची होती. याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी त्याविरुद्ध देशभर चक्का जाम केला होता. नवी संहिता लागू करताना केंद्र सरकारने हे पोटकलम अधिसूचनेतून वगळले. मात्र त्यामुळे पळून जाणे निर्धोक झाले, असा अर्थ कोणी काढू नये, याचे कारण पुढे येईलच.

याशिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८४ आहे, ते धोकादायक वाहनचालनाचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणे, विरुद्ध दिशेने चालवणे, वाहन चालवताना फोन हातात धरणे, हे प्रकार त्यात स्पष्ट नोंदवलेले आहेत. एकाच अपघातात संहितेचे आणि या कायद्याचे कलम एकत्र लावले जाणे नेहमीचेच आहे.

निष्काळजीपणा कशाला म्हणायचे

चुलीवरून उकळत्या दुधाचे पातेले उचलून दुसऱ्या खोलीत न्यायचे आहे आणि वाटेत लहान मूल खेळत आहे. एकजण दोन्ही हातांनी पातेले नीट धरून, मुलाला बाजूला करून निघतो, पण पायाखालची फरशी अचानक निखळते आणि दूध सांडते. दुसरा फोनवर बोलत, एका हाताने पातेले धरून निघतो, मूल मध्ये आलेले त्याला दिसतच नाही. तिसऱ्याला मूल दिसते, धोकाही कळतो, तरी ‘काही होत नाही’ म्हणत तो पळत सुटतो. तिन्ही वेळा मूल भाजते. पण पहिला अपघात आहे, दुसरी हयगय आहे आणि तिसरा अविचार आहे.

कायदा हाच फरक करतो. हयगय म्हणजे घ्यायला हवी ती काळजी न घेणे, आणि अविचार म्हणजे धोका कळत असूनही तो पत्करणे. न्यायालयासमोरचा प्रश्न असा असतो, की त्या रस्त्यावर, त्या वेळी, तेवढ्या उजेडात आणि तेवढ्या रहदारीत एखाद्या सामान्य, जबाबदार चालकाने जे केले असते ते या चालकाने केले की नाही. परिणाम किती भयंकर झाला यावरून शिक्षेचा टप्पा ठरतो. चूक झाली की नाही, हे परिणामावरून ठरत नाही. हे मी ठासून सांगतो, कारण अपघातानंतर आरोपीचे स्वतःचे मनही त्याला उलट सांगत असते. पत्नीचा हात मोडलेला पाहून पती म्हणतो, ‘माझ्यामुळेच झाले.’ ही भावना खरी असते, पण ती कायद्याने मागितलेला पुरावा नव्हे.

फौजदारी जबाबदारीसाठी चूक किती मोठी असावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात विचार केला. तो खटला डॉक्टरांविषयीचा होता, तरी त्यातील भेद येथेही उपयोगी पडतो. नुकसानभरपाई देण्यास पुरेशी ठरणारी साधी चूक वेगळी आणि माणसाला गुन्हेगार ठरवण्याइतका ढळढळीत निष्काळजीपणा वेगळा.

‘वेग जास्त होता’ एवढे पुरेसे आहे का?

साक्षीदार बहुतेक वेळा एवढेच सांगतो, की ‘गाडी जोरात होती.’ कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ‘भरधाव वेग’ हा सापेक्ष शब्द आहे. केवळ वेग जास्त होता असे म्हटल्याने हयगय किंवा अविचार सिद्ध होत नाही, तो सरकार पक्षाला पुराव्याने दाखवावा लागतो. त्या प्रकरणात ट्रक उलटून अनेक जीव गेले होते, तरीही न्यायालयाने ही कसोटी सैल केली नाही.

याचा अर्थ वेगाला महत्त्व नाही असा मात्र नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोरची खडी दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद जातो, आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर त्याहून वेगळे. मोकळ्या, सरळ महामार्गावर हा वेग रास्त असेल, पण ज्या वळणापलीकडचे वीस मीटरही दिसत नाहीत तेथे तो रास्त नाही. म्हणून वेगाचा आकडा एकटा काही सांगत नाही, दिसणाऱ्या अंतराशी त्याचे गणित जुळते का, हे पाहावे लागते. आपल्या उदाहरणातील पतीच्या बाजूने किंवा विरुद्ध जे काही ठरेल, ते बहुतांशी या एका प्रश्नावर ठरेल: खडी त्याला वेळेत दिसणे शक्य होते का?

‘मी स्वतःच जखमी, मग गुन्हा माझ्यावर कसा?’

मागे बसलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने ‘दुसरी व्यक्ती’ आहे, मग ती पत्नी असो, मित्र असो वा स्वतःचे मूल. तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी चालवणाऱ्यावर असते. शिवाय हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकतात, आणि नातेवाइकाने ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून दिल्याने तो तपास आपोआप थांबत नाही. दुखापतीच्या कलमांत जखमी व्यक्तीशी कायदेशीर तडजोडीची वाट आहे, पण कलम २८१ आणि कलम १०६ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाहीत. एका घरात आधीच दुखणे असताना त्यात आरोपी आणि साक्षीदार अशी फाळणी होते, हे क्लेशकारक आहे. तपास करणाऱ्यांनी अशा प्रकरणांत तरी साच्यातले वाक्य उतरवण्यापूर्वी वळणावरच्या खडीकडे नीट पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

त्या खडीला जबाबदार कोण, हा प्रश्नही कायद्याला परका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेले सुरक्षिततेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. मोडलेल्या मनगटापर्यंत ते कलम पोहोचेलच असे नाही. पण फलक नव्हता, कठडे नव्हते, रस्त्यावर दिवा नव्हता, या गोष्टी चालकाच्या बचावात निश्चित येतात.

‘चूक समोरच्याचीही होती’

दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली असेल तर हा युक्तिवाद सर्वांत आधी येतो. त्याला जोडून ‘मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरतात’ असा एक समज आहे, पण असा कोणताही नियम कायद्यात नाही. फौजदारी खटल्यात समोरच्याच्या चुकीमुळे आपली चूक पुसली जात नाही, मात्र अपघाताचे खरे कारण कोणते होते हा प्रश्न तिच्यामुळे खुला होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील कारखान्याच्या आगीच्या खटल्यात तत्त्व घालून दिले, की मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट परिणाम असला पाहिजे. आरोपीने कोठेतरी नियम मोडला होता, एवढे त्यासाठी पुरत नाही.

हेल्मेट नसण्याचा मुद्दाही असाच पाहावा. हेल्मेट न घालणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी कायद्यात एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता सांगितली आहे. पण हेल्मेट नसल्यामुळे गाडी घसरत नाही. एका मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून भरपाई कापण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिक प्रकरणात हेच म्हटले, की नियमभंग आणि अपघात यांच्यात कारणाचा धागा दाखवता आला पाहिजे. दारूचे मात्र वेगळे आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश आढळला तर तो गुन्हा आहेच, शिवाय हयगयीचा धागा जोडणेही सरकार पक्षाला सोपे जाते.

पहिले चोवीस तास

‘पोलिसांत गेलो तर अडकू’ या भीतीने लोक गप्प बसतात, आणि नेमके तेथेच अडकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची आहे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे आहे. विमा कंपनीलाही लेखी माहिती द्यायची आहे. जमाव अंगावर येत असेल तर मदतीसाठी तेथे न थांबण्याची मुभा याच कलमात आहे. कर्तव्य टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १०६ चे दुसरे पोटकलम लागू नसले तरी पळून जाणे निर्धोक का नाही, ते यावरून कळेल. शिवाय जो थांबला, ज्याने रिक्षा बोलावली, ज्याने स्वतः फोन केला, त्याच्याविषयी न्यायाधीशांपुढे येणारे चित्रच निराळे असते.

कळवणे आणि कबुली देणे यांत मात्र अंतर आहे. स्थळ, वेळ, वाहनाचा क्रमांक, कोणाला लागले, ही माहिती द्यावी. ‘माझीच चूक झाली, माझे लक्ष नव्हते’ असे त्या सुन्न अवस्थेत बोलण्याची कोणतीही सक्ती नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्यास भाग पाडता येत नाही, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेतली जाऊ नये, असे कायदाच सांगतो. फिर्यादीवर मात्र ती देणाऱ्याची सही असते, म्हणून जखमी नातेवाइकाच्या नावाने फिर्याद लिहिली जात असेल, तर ती शब्दन् शब्द वाचून घ्यावी. ‘भरधाव’ हा शब्द त्यांनी उच्चारलाच नसेल तर तो तेथे असू नये.

पंचनाम्याच्या चार ओळी

खटला उभा राहतो तो घटनास्थळ पंचनाम्यावर. त्यात रस्त्याची रुंदी, दुभाजक आहे की नाही, गाडी कोणत्या बाजूस पडली, टायर घासल्याच्या खुणा किती लांब आहेत, काचेचे तुकडे कोठे आहेत, हे टेपने मोजून लिहायचे असते. आपल्या उदाहरणात ‘वळणावर सुमारे दहा फूट लांबीपर्यंत बारीक खडी पसरलेली दिसली’ हे एक वाक्य असणे आणि नसणे यात सगळा फरक आहे. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला आणि तोवर खडी झाडून टाकलेली असली, तर ते वाक्य कधीच येणार नाही. म्हणून सोबतच्या कोणीतरी त्याच वेळी फोनवर छायाचित्रे घ्यावीत: आधी दोन्ही दिशांनी लांबून, मग खुणांची जवळून. मूळ छायाचित्रे फोनमधून पुसू नयेत, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ साधन विचारले जाऊ शकते. आसपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते जपून ठेवण्याची लेखी विनंती तपासी अंमलदाराकडे करून पोच घ्यावी.

मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून ब्रेक, टायर, सुकाणू यांच्याविषयी अहवाल देतो. ‘यांत्रिक दोष आढळला नाही’ असा शेरा आला, तर तो नकळत चालकाकडे बोट दाखवतो. ही तपासणी होण्यापूर्वी गाडी दुरुस्तीला टाकू नये.

अटक, जामीन, गाडी आणि परवाना

कलम २८१, कलम १२५ आणि कलम १०६ चे पहिले पोटकलम हे तिन्ही जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा येथे आरोपीचा हक्क आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ प्रमाणे अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस दिली जाते. ती मिळाल्यास ठरल्या वेळी जावे, कारण न गेल्यास अटकेचे कारण आपणच पुरवतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणे, तपासणीसाठी नेलेले वाहन औपचारिकता पूर्ण झाल्यावर चोवीस तासांच्या आत परत द्यायचे आहे. गुन्ह्यात जप्त झाले असल्यास न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हवे तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, ते सोडवता येते. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात स्पष्ट केले आहे. धोकादायक वाहनचालनाच्या प्रकरणात पोलीस परवाना ताब्यात घेऊन अपात्रतेच्या कारवाईसाठी परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात. त्याची लेखी पावती मागून घ्यावी.

भरपाईचे प्रकरण वेगळे चालते

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात शिक्षेचा प्रश्न नसतो. तेथे पुराव्याचे पारडे एका बाजूस किंचित झुकले तरी पुरते, तर फौजदारी न्यायालयात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. त्यामुळे खटल्यातून निर्दोष सुटलेल्या चालकाविरुद्धही भरपाईचा निवाडा होऊ शकतो. यात विमा नसल्यास रक्कम मालकाच्या खिशातून जाते. कायद्याने बंधनकारक असलेला त्रयस्थ व्यक्तीचा विमा तेवढाच काढलेला असेल, तर मागे बसलेल्या व्यक्तीचे नुकसान त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितले आहे. ही बाब विमापत्र घेताना फार थोडे लोक वाचतात. स्वतः चालवणाऱ्या मालकासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते, ते आपल्या विमापत्रात आहे का, हे आजच पाहून घेण्यासारखे आहे.

‘दंड भरा आणि मोकळे व्हा’

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर कोणीतरी हा सल्ला देतेच. कलम २८१ चा दंड हजार रुपयांच्या आत, तारखांना जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, मग कबूल करून सुटावे, हा विचार समजण्यासारखा आहे. पण हजार रुपये भरून ई-चलान मिटवणे आणि न्यायालयात गुन्हा कबूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कबुलीनंतर होते ती दोषसिद्धी. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती विचारली जाते, भरपाईच्या दाव्यात तीच कबुली पुरावा म्हणून पुढे येऊ शकते, आणि कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाचा मार्गही फार अरुंद होतो. चूक खरोखर झाली असेल आणि ती मान्य करायची असेल, तर ते जरूर करावे, पण काय मान्य करतो आहोत हे कळून करावे.

आरोपीला दोषारोपपत्र, जबाब, पंचनामा आणि इजा प्रमाणपत्र यांच्या प्रती विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरलेल्या उत्पन्नमर्यादेखालील सर्वांना तेथे मोफत वकील मिळतो. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ तेव्हा पंचनाम्याची प्रत हातात नसेल, त्यात वळणावरच्या खडीचा उल्लेख आहे की नाही हे अजून वाचलेलेच नसेल, तर ‘प्रती मिळाल्या नाहीत, वकील नेमण्यासाठी मुदत मिळावी’ असे उभे राहून सांगता येते.